सात वारांचे घर : श्रावणातील कहाण्या आणि लहान सुखांचे वाङ्मय

मराठी वाङ्मयातील घरगुती जीवनाचा विचार सुरू झाला की तो बहुधा लघुनिबंधापासून सुरू होतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर प्रभृतींनी या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि नित्याच्या व्यवहारातील क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीही साहित्याचा विषय होऊ शकतात, हे सर्वमान्य झाले. ही कामगिरी लहान नव्हे. तथापि तिच्यामुळे एक समजही नकळत रूढ झाला. लहान सुखांचे वाङ्मय म्हणजे इंग्रजी निबंधाच्या परिचयातून आलेले रोपटे, त्यापूर्वी मराठी घराला स्वतःकडे पाहण्याची वाङ्मयीन दृष्टीच नव्हती, असा तो समज आहे. श्रावणातील वारांच्या कहाण्या जरा लक्षपूर्वक वाचल्या तर तो टिकत नाही.

महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी या कहाण्यांचे स्वरूप थोडक्यात सांगणे इष्ट ठरेल. श्रावण महिन्यात प्रत्येक वाराला एक व्रत आणि प्रत्येक व्रताला एक कहाणी, अशी जुन्या घरांतील रीत होती व काही घरांत ती आजही आहे. सोमवार शिवाचा, मंगळवार मंगळागौरीचा, बुधवार-गुरुवार बुध-बृहस्पतींचा, शुक्रवार जिवतीचा व लक्ष्मीचा, शनिवार शनि-मारुतीचा आणि रविवार आदित्य राणूबाईचा. घरातील एखादी वडीलधारी बाई कहाणी सांगते आणि इतर जणी हातात अक्षता घेऊन ऐकतात. कहाणी आटपाट नगरात सुरू होते आणि साठ उत्तरांचा विस्तार पाच उत्तरांत आटोपण्याच्या संकेताने संपते. हा संकेत म्हणजे एक वाङ्मयीन प्रतिज्ञाच होय. सांगणारीला स्वयंपाक उरकायचा आहे आणि ऐकणारीला दळण उरकायचे आहे, याची जाणीव कहाणीच्या वाक्यरचनेतच मुरलेली आहे. वाक्ये तोकडी, क्रियापदे भरपूर, विशेषणे जवळजवळ नाहीत. पुढे या कहाण्या स्वस्त पुस्तिकांतून छापल्या गेल्या, त्यांत पाठभेदही पुष्कळ झाले. परंतु त्यांचा हा मूळचा तोल ढळला नाही. समीक्षेने मात्र त्यांना कधी धर्माच्या तर कधी लोकसाहित्याच्या कोनाड्यात ठेवून दिले.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी प्रथम घ्यावी. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असा राजाच्या मनात संकल्प येतो. तो नगरात हुकूम सोडतो आणि घराघरांतले सारे दूध देवळात जाते. घरी मुलांना दूध मिळत नाही, गाईच्या वासरांनाही मिळत नाही. इतके करून गाभारा भरत नाही तो नाहीच. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरचे काम आटोपले आहे, लेकरांना, सुनांना खाऊ-पिऊ घातले आहे, वासरांची सोय लावली आहे आणि मग उरलेले खुलभर दूध घेऊन ती देवळात आली आहे. ते दूध ओतताच गाभारा भरतो. राजा दुसऱ्या आणि तिसऱ्या सोमवारी पहारा ठेवून तिला गाठतो, कारण विचारतो. आणि म्हातारी त्याला निर्भयपणे सांगते की, त्याच्या हुकमामुळे तान्ह्या मुलांचे आणि वासरांचे आत्मे तळमळले, ते देवाला कसे आवडावे? राजा हुकूम बदलतो. मग प्रत्येक घर आधी आपल्या माणसांना व गुरांना देते, उरलेले देवळात आणते आणि गाभारा भरून जातो.

या कहाणीचा सर्व अर्थ तिच्या क्रमात आहे. लेकरे, सुना, वासरे आणि शेवटी देव, ही घरातल्या दुधाची वाटणी आहे आणि तीच कहाणीची रचनाही आहे. म्हातारीच्या भक्तीचे वर्णन कहाणीत नाही. ती कामे कोणत्या ओळीने करते एवढेच सांगितले आहे. राजाचा पराभव बंडाने होत नाही, तो साध्या घरगुती हिशोबाने होतो. राजाला दुधाचे परिमाण ठाऊक होते, म्हातारीला दुधाचे हक्कदार ठाऊक होते. लहान सुखाविषयी मराठीत झालेला हा एक अत्यंत मूलगामी विचार आहे: सुख लहान आहे की मोठे, हा प्रश्न दुय्यम; ते कोणाच्या तोंडचे काढून आलेले आहे, हा प्रश्न पहिला.

हीच दृष्टी शनिवारच्या कहाणीत अधिक ऐहिक रूप घेते. पावसाळ्याचे दिवस आहेत. गरीब ब्राह्मणाचे कुटुंब शेतावर राबते आहे. घरात धाकट्या सुनेने मडकी चाचपून पाहावीत, असतील ते दाणे दळून भाकरी करावी, केनी-कुर्डूची भाजी करावी, एवढाच काय तो बेत. केनी आणि कुर्डू या पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या रानभाज्या. त्यांना पैसा पडत नाही. अशा घरी शनिदेव कुष्ठरोग्याच्या रूपाने येतो. त्याचे मागणे पाहण्यासारखे आहे: अंग ठणकते आहे, माखायला तेल हवे, न्हायला ऊन पाणी हवे, मग जेवायला हवे. सून घरातले थेंबभर तेल शोधते, पाणी तापवते, त्याला न्हाऊ घालते, जेवू घालते. तो तृप्त होऊन उष्टे वळचणीला खोचून जातो. पुढच्या शनिवारी थोरल्या सुना त्याच पाहुण्याला घरात काही नाही म्हणून परत पाठवतात आणि मग घरात खरोखरच काही उरत नाही. ऊन पाणी, तेल, भाकरी आणि भाजी. शिणलेल्या शरीराला आठवड्यातून एकदा हवीशी वाटणारी सारी सुखे येथे एका ओळीत मांडली आहेत. ती सून ही सुखे स्वतः भोगत नाही, ती देते. आणि देवही येथे नैवेद्य मागत नाही. एखाद्या थकल्या माणसाने शनिवारी संध्याकाळी मागावे तेच मागतो.

उरलेल्या वारांच्या कहाण्यांत घराच्या आणखी एका दुर्मीळ वस्तूचा विचार आहे आणि ती म्हणजे फुरसत. बुध-बृहस्पतींच्या कहाणीत मामा-भाचे दारी येतात तेव्हा राजाच्या सुना हात रिकामे नाहीत असे म्हणून त्यांना परतवतात. पुढे दारिद्र्य येते आणि हात खरोखर रिकामे होतात. एकाच शब्दाच्या दोन अर्थांवर उभारलेला हा उपरोध कोणत्याही कुशल लेखकाला हेवा वाटावा असा आहे. रविवारच्या कहाणीत बाप आपली कहाणी सांगायला लेकीच्या घरी जातो. राजाच्या घरी दिलेली लेक म्हणते, राजा पारधीला निघाला आहे, मला वेळ नाही. प्रधानाच्या घरची लेक मात्र ऐकायला बसते. शुक्रवारी भावाने सहस्रभोजनाच्या पंगतीतून उठवून लावलेली गरीब बहीण पुढे श्रीमंत होऊन त्याच्या घरी जेवायला येते आणि ताटातले पदार्थ अंगावरून उतरवलेल्या दागिन्यांवर ठेवते. आमंत्रण त्यांनाच आहे, हे तिला भावाला दाखवायचे आहे. हात, वेळ आणि पान या तीन वस्तूंभोवती घराची नीती फिरते.

या कहाण्यांवरील आक्षेप जुने आहेत आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. व्रत करावे आणि संपत्ती मिळवावी हा त्यांचा व्यवहार सुधारकांना हीन वाटला, तो उगाच नव्हे. उष्टे माणिक-मोती होते, देऊळ सोन्याचे होते, हे शेवट म्हणजे कष्टाच्या प्रश्नाला दिलेली चमत्काराची लाच होय. त्याहून गंभीर आक्षेप स्त्रीच्या स्थितीचा आहे. शिवामुठीच्या कहाणीतील नावडत्या सुनेला उष्टे अन्न, जाडेभरडे वस्त्र आणि राहायला गुरांचे बेडे मिळते. ती दर सोमवारी तांदूळ, तीळ, मूग, जव अशी एकेक मूठ शिवाला वाहते आणि मागते काय, तर सासरच्यांना आपण आवडती व्हावे. ज्या घराने तिला गोठ्यात ठेवले ते घर बदलावे असे तिला मागता येत नाही. कहाणीची नीती येथे येऊन थांबते. शिवाय ब्राह्मण, वाणी आणि राजा यांच्या पलीकडचे घर कहाणीत क्वचितच दिसते. त्या घरांच्या सुखदुःखांसाठी जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉतवें यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा करून त्या दिशेचा मार्ग खुला केला आहे.

हे सर्व मान्य करूनही कहाणीचा शेवट आणि कहाणीचा गाभा यांत भेद करावा लागतो. शेवट व्रताच्या मालकीचा आहे. गाभा सांगणाऱ्या बाईच्या मालकीचा. वंगभाषेत अवनींद्रनाथ ठाकूर यांनी ‘बांग्लार ब्रत’ (१९१९) या ग्रंथात शास्त्रोक्त व्रते आणि बायकांची स्वतःची व्रते यांत असाच भेद केला आणि दुसऱ्या प्रकारात मानवी इच्छांचा चित्रमय आविष्कार पाहिला. आलपनांत रेखाटलेल्या आरसा-फणीकडे त्यांनी धर्मविधी म्हणून पाहिले नाही, कलेच्या दृष्टीने पाहिले. मराठी कहाणीच्या वाट्याला अशी दृष्टी यायला हवी.

आता पुन्हा लघुनिबंधाकडे वळता येईल. कहाणीच्या आठवड्यात सात वार आहेत, परंतु सुटीचा वार नाही. सुटीचा वार ही आधुनिक वस्तू आहे आणि तीही कोणी आपण होऊन दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी चालवली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मालकांनी मान्य केली. कचेऱ्या, शाळा आणि गिरण्या यांनी घडवलेल्या या नव्या आठवड्यात मध्यमवर्गीय पुरुषाला आरामखुर्ची लाभली आणि लघुनिबंध बऱ्याच अंशी त्या आरामखुर्चीत जन्मला. त्याने व्यक्तीच्या खासगी आवडीनिवडींना भाषा दिली. हे कहाणीला कधीच साधले नव्हते. कहाणीतील बाई एकटी, स्वस्थ, स्वतःपुरती सुखात बसलेली कुठेही आढळत नाही. हा लघुनिबंधाचा खरा लाभ आहे. परंतु लेखकाच्या हाती आलेला चहा कोणी केला, रविवारचे सुग्रास जेवण रांधणाऱ्या बाईचा रविवार कुठे गेला, हे त्याच्या पृष्ठांवर सहसा येत नाही. सुख वेचताना त्याची वाटणी नजरेआड झाली. म्हणूनच हा प्रकार पुढे पुढे सांकेतिक झाला. त्याच्या ऱ्हासाचे कारण विषयांच्या टंचाईत शोधले जाते. वस्तुतः विषय संपत नव्हते, नाती संपली होती.

या दोन्ही प्रवाहांचा संगम घडला तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचा विचार धर्मांतराच्या आणि रेव्हरंड टिळकांच्या संदर्भात पुष्कळ झाला आहे. त्याच्या वाक्याचा विचार तितका झालेला नाही. लक्ष्मीबाईंचे वाक्य हे कहाणी सांगणाऱ्या बाईचे वाक्य आहे. ते तोकडे, क्रियापदांनी चालणारे, सांगून झाल्यावर मागे न रेंगाळणारे आहे. टिळकांच्या बेहिशेबी औदार्याची फजिती सांगताना त्या मनमुराद हसतात. परंतु त्या हसण्याखाली घरात काय होते, काय नव्हते आणि कोणाला काय मिळाले, याची नोंद अचूक चाललेली असते. येथे आनंद व्यक्तीचा आहे, कारण सांगणारी ‘मी’ ठसठशीत आहे. आणि तो वाटणीचाही आहे, कारण घरातील कोणीही हिशोबाबाहेर राहत नाही. वंगभाषेतील राससुंदरी देवींच्या ‘आमार जीबन’ (१८७६) या आत्मचरित्राची येथे आठवण होते. स्वयंपाकघरात ग्रंथाचे पान लपवून चोरून अक्षरओळख करून घेणाऱ्या त्या बाईचे सुख लहान होते, आणि त्या सुखासाठी घराच्या कामातून किती क्षण चोरावे लागले याचाही लेखा त्यांनी दिला. दोन भाषांतील या दोन बायकांना परस्परांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. दोघींचे साम्य घराच्या अनुभवातून आले आहे.

यातून समीक्षेसाठी एक निकष हाती येतो. घरगुती जीवनाचे चित्रण करणारी कलाकृती केवळ तिच्या प्रसन्नतेवर किंवा निरीक्षणाच्या बारकाव्यावर जोखणे पुरेसे नाही. दुधाचा पेला सुरेख रंगवला आहे हे पाहून झाल्यावर वासराचे काय झाले, हेही विचारले पाहिजे. हा निकष कलाबाह्य आहे असे कोणी म्हणेल. परंतु खुलभर दुधाच्या कहाणीत तोच रचनेचे तत्त्व झाला आहे आणि ‘स्मृतिचित्रे’त तोच विनोदाचा उगम झाला आहे, त्याला कलाबाह्य म्हणणे कठीण आहे. कहाण्यांचे पाठ नीट ताडून पाहिले जावेत, अन्य भारतीय भाषांतील व्रतकथांशी त्यांची तुलना व्हावी आणि मराठी गद्याच्या इतिहासात त्यांना आरंभीच्या प्रकरणात जागा मिळावी, हे काम अजून व्हायचे आहे.