गोगलगाईची सरहद्द : ‘आक्रमण’ या संज्ञेची समीक्षा

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण मराठीत वरून गरीब पण आतून कावेबाज अशा माणसासाठी योजली जाते. तिच्यातील शारीरिक निरीक्षण अचूक आहे. गोगलगाय ज्या वर्गात मोडते त्या गॅस्ट्रोपोडा वर्गाचे नावच उदर व पाद या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे आणि मराठी परिभाषेत त्यास उदरपाद म्हणतात. परंतु म्हण निरीक्षणावर थांबत नाही. पाय पोटात आहेत, म्हणून मनात कपट आहे, असा नैतिक आरोपही ती त्यास जोडून देते. निरीक्षण आणि आरोप यांची ही सरमिसळ लोकोक्तीत शोभून जाते. शास्त्रीय लेखनात तीच सरमिसळ ‘आक्रमण’ या शब्दाच्या आश्रयाने शिरली, तर मात्र तिची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

गेल्या काही दशकांत गोगलगाईंच्या वसतिक्षेत्राविषयी दोन प्रकारचे वृत्तांत शेजारी-शेजारी येऊ लागले आहेत. पहिला समुद्राचा आहे. पाणी तापत असल्यामुळे उष्ण किनाऱ्यांवरील सागरी गोगलगाई पूर्वी थंड असलेल्या किनाऱ्यांकडे सरकत आहेत, असे तो सांगतो. दुसरा जमिनीचा आहे. मूळची पूर्व आफ्रिकेतील शंखी गोगलगाय, जिला शास्त्रात अकॅटिना फुलिका किंवा नव्या वर्गीकरणानुसार लिसाकॅटिना फुलिका म्हणतात, ती महाराष्ट्रातील शेतांत पसरत आहे, असे त्यात नमूद असते. अमरावती व अकोला हे जिल्हे अरबी समुद्रापासून कित्येक शे किलोमीटर आत आहेत. त्यामुळे वऱ्हाडातील अभ्यासकास पहिला वृत्तांत परका वाटावा आणि दुसरा घरचा, हे स्वाभाविक होय. परंतु दोन्हींसाठी वापरला जाणारा शब्द पुष्कळदा एकच असतो, तो म्हणजे आक्रमण. आणि सांगितले जाणारे कारणही एकच असते, ते म्हणजे हवामानबदल. दोन भिन्न घटना अशा एका शब्दाखाली आल्या की त्यांतील एका घटनेचा खरा कर्ता दृष्टीआड होतो. तो कर्ता मनुष्य होय.

समुद्राचा वृत्तांत प्रथम तपासणे सोयीचे होईल. कॅलिफोर्नियात मॉन्टेरी उपसागराच्या काठी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हॉपकिन्स सागरी केंद्र आहे. तेथील खडकाळ किनाऱ्यावर विलिस ह्यूएट या संशोधकाने १९३१ ते १९३३ या काळात एक रेषा आखली, तिच्यावरील चौरसांत सापडणारे प्राणी मोजले आणि रेषेची खूण म्हणून खडकात पितळी बोल्ट बसविले. सुमारे साठ वर्षांनी बॅरी, बॅक्स्टर, सॅगरिन आणि गिलमन यांनी त्याच खुणा शोधून काढल्या व तीच मोजणी पुन्हा केली. या चौघांपैकी सॅगरिन व गिलमन हे त्या वेळी पदवीचे विद्यार्थी होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांचा निबंध १९९५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दक्षिणेकडील ऊबदार पाण्याच्या ९ जातींपैकी ८ जातींची संख्या वाढली होती, उत्तरेकडील ८ जातींपैकी ५ जातींची घटली होती आणि किनाऱ्यालगतच्या पाण्याचे वार्षिक सरासरी तापमान ०.७५ अंश सेल्सिअसने वाढले होते. वाढलेल्या जातींत खडकास चिकटून नळीसारखे कवच बांधणारी एक सागरी गोगलगायही होती.

या निबंधाचे बळ त्याच्या संयमात आहे. कोण शत्रू व कोण मित्र, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. त्याच जागी, त्याच पद्धतीने, दोन काळांत केलेल्या दोन मोजण्या समोर ठेवून त्यांतील फरकाची दिशा तेवढी त्याने दाखविली. याच उपसागरात आढळलेल्या केलेट्स व्हेल्क नावाच्या मोठ्या सागरी गोगलगाईचे उदाहरणही बोधप्रद आहे. तिची उत्तरेची सीमा पूर्वी पॉइंट कन्सेप्शन या भूशिराजवळ मानली जात असे. १९८० च्या सुमारास ती मॉन्टेरीस आढळली. प्रौढ गोगलगाय एवढा प्रवास सरपटत करीत नाही. तिच्या अळ्या काही आठवडे पाण्यात तरंगतात आणि प्रवाह नेईल तिकडे जातात. म्हणून या विस्तारास वाढते तापमान पुरेसे कारण आहे, की प्रवाहांतील फेरबदलामुळे अळ्यांना नवी वाट मिळाली, हे संशोधकांना निराळे तपासावे लागले. सीमा सरकली एवढ्यावरून ती का सरकली हे सिद्ध होत नाही, हा या उदाहरणाचा धडा होय.

आता जमिनीच्या वृत्तांताकडे वळता येईल. शंखी गोगलगाय भारतात अळीच्या रूपाने तरंगत आली नाही आणि तापमानाच्या पाठोपाठ सरकतही आली नाही. १८४७ साली विल्यम हेन्री बेन्सन याने ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली व तेथील चौरंगी भागातील एका बागेत ती सोडली गेली. बेन्सन हा स्वतः शंखवर्गीय प्राण्यांचा नामवंत अभ्यासक होता. म्हणजे ज्या प्राण्यास आज आक्रमक म्हटले जाते, त्यास या देशात आणणारा हात एका विद्वानाचा होता. पुढील प्रवासही बहुतांशी मनुष्याच्या हातूनच झाला. ही गोगलगाय उभयलिंगी असून एकदा संगम झाल्यावर साठविलेल्या शुक्राणूंच्या बळावर ती पुढे अनेकदा अंडी घालू शकते. ती मातीत अंडी घालते, एका वेळेस शंभरांहून अधिक. तेव्हा माती जेथे जाईल तेथे ती जाऊ शकते. कलमांच्या मुळांशी बांधलेला मातीचा गोळा, कुंडी, शेणखताची गाडी, विटांचा ढिगारा ही तिची वाहने होत. अनुकूल हवामान हे फार तर तिला मिळालेले यजमानपद आहे, आमंत्रण नव्हे.

या विषयावरील दोन इंग्रजी ग्रंथ अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. चार्ल्स एल्टन याचा ‘दि इकॉलॉजी ऑफ इन्व्हेजन्स बाय ॲनिमल्स अँड प्लँट्स’ हा ग्रंथ १९५८ साली, आणि अल्बर्ट मीड याचा ‘दि जायंट आफ्रिकन स्नेल’ हा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. एल्टनचा ग्रंथ त्याने १९५७ साली बीबीसीवरून दिलेल्या भाषणांतून वाढला, आणि श्रोत्यांस जागे करण्याची त्यातील धडपड ग्रंथातही उतरली आहे. प्राणिसंख्येच्या अकस्मात वाढीस तो स्फोटाची उपमा देतो. दुसऱ्या महायुद्धाची आठवण ताजी असताना ही भाषा सुचणे अगदी समजण्यासारखे होते. ग्रंथाचा आशय मात्र त्याच्या उपमांपेक्षा अधिक विवेकी आहे. वॉलेसने वर्णिलेले प्राणिप्रदेश एकमेकांपासून समुद्र व पर्वत यांनी अलग ठेवले होते आणि मनुष्याच्या दळणवळणाने ही कुंपणे मोडली, हे एल्टनचे मूळ प्रतिपादन आहे. दोष आहे तो शीर्षकातील व्याकरणात. ‘प्राण्यांचे आक्रमण’ म्हटले की प्राणी कर्ता होतो आणि त्यास आणणारा मनुष्य आक्रमणाचा बळी म्हणून उभा राहतो. वाचकाच्या स्मरणात शीर्षक राहते, आशय मागे पडतो.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे, याची साक्ष पॅसिफिक महासागरातील बेटांवर मिळते. शंखी गोगलगाईचा बीमोड करण्यासाठी १९५५ साली हवाई बेटांवर युग्लँडिना रोझिया नावाची मांसाहारी गोगलगाय आणून सोडण्यात आली. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, हे युद्धनीतीचे सूत्र येथे जीवशास्त्रास लावले गेले. या नव्या पाहुणीने शंखी गोगलगाईचा निःपात तर केला नाहीच, उलट तेथील स्थानिक वृक्षवासी गोगलगाई खाण्यास प्रारंभ केला. १९७७ साली मोरेआ बेटावर हाच प्रयोग झाला आणि पुढील दहा वर्षांच्या आत तेथील पार्ट्युला वंशाच्या जाती निसर्गातून जवळजवळ नाहीशा झाल्या. रूपक चुकले म्हणून उपाय चुकला, असे म्हणणे सर्वस्वी न्याय्य होणार नाही. परंतु रूपकाने उपायाची दिशा सुचविली, एवढे तरी मान्य करावे लागते. मीडने या प्रश्नाकडे आर्थिक प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले आणि त्याच्या लेखनातून एक मौलिक निरीक्षण मिळते. नव्या प्रदेशात या गोगलगाईची संख्या प्रथम भयावह वाढते, पण काही काळाने कित्येक ठिकाणी ती आपोआप ओसरते. शत्रूचे चित्र मनात ठसले असता असे निरीक्षण सुचणेच कठीण होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे २०२२ च्या खरिपात दिसून आले. लातूर, बीड आणि त्या वेळचे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगाईंनी फस्त केली व अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. वऱ्हाडातही सोयाबीन व संत्रा यांवरील तिच्या उपद्रवाच्या तक्रारी झाल्या आहेत. वैशाखात अकोला व अमरावती येथील पारा ४५ अंशांच्या घरात जातो. ओलाव्यावर जगणाऱ्या प्राण्यास हा प्रदेश वास्तविक प्रतिकूल असावयास हवा. परंतु शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करून ती जमिनीत महिनोन्महिने निद्रिस्त राहू शकते, आणि ठिबकाखालच्या बागेत तिला उन्हाळ्यातही ओल सापडते. अर्थात वऱ्हाडात ती तापमान वाढल्यामुळे आली असे म्हणण्यापेक्षा, वाढत्या तापमानातही तिला टिकता येईल अशी जागा शेतीने निर्माण केली असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

एल्टनच्या ग्रंथाची अखेरची प्रकरणे या ठिकाणी उपयुक्त ठरतात आणि अडचणीचीही. विविधता राखणे हाच उपद्रवाविरुद्धचा टिकाऊ उपाय, असे सांगताना तो इंग्लंडमधील शेताच्या कडेच्या झुडपी कुंपणांचे महत्त्व मांडतो. कपाशी, ज्वारी, तूर, मूग यांच्या मिश्र पेऱ्याची जागा जेथे सलग सोयाबीनने घेतली आहे, त्या वऱ्हाडास हा विचार पटण्यासारखा आहे. परंतु वऱ्हाडातील धुरा म्हणजे इंग्लंडमधील कुंपण नव्हे. धुऱ्यावरचे गवत व पालापाचोळा हाच दिवसा गोगलगाईचा आसरा असतो. म्हणूनच धुरे स्वच्छ ठेवावेत, गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे रात्री शेतात पसरून सकाळी त्यांखालच्या गोगलगाई वेचाव्यात व मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. धुरा राखावा की साफ करावा, या प्रश्नाचे उत्तर परदेशी ग्रंथातून मिळणार नाही. ते येथील धुऱ्यावरच शोधावे लागेल.

हीच सावधगिरी समुद्राच्या बाबतीतही हवी. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढले. मलबार किनाऱ्याची म्हणून ओळखली जाणारी तारली गेल्या काही दशकांत उत्तरेकडेही मिळू लागली, हे मत्स्यसंशोधकांनी नोंदविले आहे. परंतु कॅलिफोर्नियाचा किनारा उत्तरेकडे लांबच लांब पसरला आहे, तर अरबी समुद्रास उत्तरेस जमिनीने अडविले आहे. कोकणातील खडकावरची गोगलगाय तापत्या पाण्यापासून दूर जाऊ पाहील, तर कच्छ आणि मकरान यांच्यापुढे तिला समुद्रच उरत नाही. तेथे प्रश्न विस्ताराचा न राहता कोंडीचा होईल. मॉन्टेरीचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही तो यामुळे. उचलण्याजोगी आहे ती त्याची पद्धती.

त्या पद्धतीचे रहस्य पितळी बोल्टांत आहे. मुंबईच्या सागरी उदरपादांविषयी सुब्रह्मण्यम्, करंदीकर व मूर्ती यांनी केलेल्या कामाचा दुसरा भाग १९५२ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशी सूची कोणत्या जाती आहेत हे सांगते आणि तिचे मोल मोठे आहे. परंतु आज एखादी जात वाढली की घटली हे ठरविण्यास ठरावीक जागेवरील संख्या लागते, आणि ती संख्या ह्यूएटसारख्या एखाद्याने आधी लिहून ठेवावी लागते.

वऱ्हाडातील पदव्युत्तर विद्यार्थ्यास यासाठी समुद्र गाठण्याचे कारण नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांस गोड्या पाण्याची जमीन आहे. मिठाने मरणारा प्राणी या पट्ट्याच्या काठाशी थांबतो, की ओलिताच्या व मातीच्या वाहतुकीच्या आधाराने तो ओलांडतो, हा प्रश्न येथेच तपासता येण्याजोगा आहे. त्यासाठी गोड्या जमिनीतून खाऱ्या जमिनीत जाणारी एक रेषा, दर खरिपाच्या पहिल्या महिन्यात त्याच चौरसांतील रात्रीची मोजणी आणि प्रत्येक शेतात बाहेरून आलेली माती, खत व कलमे यांची नोंद एवढे पुरेसे आहे. या नोंदीतील अखेरचा रकाना सर्वांत महत्त्वाचा होय. गोगलगाय किती हे मोजणी सांगेल. ती कोणाबरोबर आली हे मात्र त्या रकान्याखेरीज कळणार नाही, आणि ‘आक्रमण’ हा शब्द नेमकी तीच जागा कोरी ठेवीत आला आहे.