गिलमोरचा आवाज कुठे मिळतो?

जून २०१९मध्ये न्यू यॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार ३९ लाख ७५ हजार डॉलरला विकली गेली. गिलमोरने ती १९७०मध्ये घेतली होती. त्यानंतर तिचा नेक अनेकदा बदलला, पिकअप बदलले, लाकडाला भोकं पाडून नवे स्विच बसवले आणि काढलेही. 'द डार्क साइड ऑफ द मून'वर (१९७३) वाजलेली गिटार आणि लिलावात उभी केलेली गिटार यांच्यात नावाखेरीज किती साम्य उरलं होतं, हा प्रश्नच आहे. ज्याने ती घेतली त्याला इतिहासाचा तुकडा मिळाला. आवाज मिळाला असेल असं वाटत नाही.

बाकीचे लोक त्या आवाजासाठी पेडल घेतात. यादी ठरलेली असते. 'टाइम'मधल्या सोलोसाठी फझ फेस, 'अॅनिमल्स' (१९७७) पासून पुढच्या सोलोंसाठी बिग मफ, 'ब्रीद'च्या डुलत्या आवाजासाठी युनिव्हाइब, मागे पसरणाऱ्या एकोसाठी डिले. यादी चुकीची नाही. ही यंत्रं त्याने वापरली आहेतच. पण ती वाचून असा समज होतो की 'गिलमोरचा आवाज' नावाची एक वस्तू आहे, आणि तिचे सुटे भाग बाजारात मिळतात. माझा आक्षेप या समजाला आहे.

याला एक ठरलेलं उत्तरही आहे, ते म्हणजे 'आवाज बोटांत असतो'. ऐकायला छान वाटतं, पण पुरावा उलटाही आहे. 'एकोज' (१९७१) या लांबलचक रचनेच्या मध्यावर समुद्रपक्ष्यांच्या किंकाळ्यांसारखा जो आवाज येतो, तो वाह पेडलची इनपुट आणि आउटपुटची वायर उलटी जोडून काढलेला आहे. तसं केलं की पेडल स्वतःच किंचाळायला लागतं आणि गिटारवरचा टोनचा खुंटा फिरवून ती किंकाळी वरखाली करता येते. तिथे तारेवरच्या बोटांचं काहीच काम नाही. तिथे काम आहे ते कानाचं. जोडणीतली चूक वाटावी असा आवाज ऐकून तो रचनेत कुठे ठेवायचा, हे ठरवणाऱ्या कानाचं.

आता दुसरं टोक पाहू. 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागातला सोलो (१९७९) काळ्या स्ट्रॅटवर नाही, पी-९० पिकअपच्या सोनेरी लेस पॉलवर वाजवलेला आहे, आणि तोही गिटार थेट रेकॉर्डिंगच्या डेस्कला जोडून. नंतर तो अॅम्पमधून फिरवून घेतला. नेहमीची गिटार नाही, नेहमीचं फझ नाही. तरी दुसऱ्याच सुरापासून वादक ओळखू येतो. एकाच पट्टीवर बोट ठेवून तार ओढत वर नेणं, वर पोचल्यावर घाई न करता तिथेच कंप देणं, आणि पुढचं वाक्य सुरू करण्याआधी ठेक्याला दोन पावलं पुढे जाऊ देणं, यावरून तो ओळखू येतो.

म्हणजे 'सगळं पेटीत' हेही खोटं आणि 'सगळं बोटांत' हेही खोटं. त्या विशिष्ट गाण्यात, त्या विशिष्ट जागी यंत्र आणि वाक्य यांचं काय नातं जुळवलं आहे, हे ऐकावं लागतं.

हे सर्वात स्पष्ट दिसतं ते डिलेमध्ये. सुरुवातीच्या वर्षांत गिलमोरकडे इटलीत बनणारं बिन्सन एकोरेक होतं. त्यात टेपऐवजी फिरत्या चुंबकीय ड्रमवर आवाज नोंदला जायचा आणि भोवतीची हेड्स तो वेगवेगळ्या अंतराने परत ऐकवायची. 'द वॉल'च्या काळात डिजिटल डिले आला आणि अंतर मिलिसेकंदात ठरवता येऊ लागलं. 'रन लाइक हेल' ऐका. तिथला एको सुमारे ३८० मिलिसेकंदांचा, म्हणजे ठोक्याच्या साधारण पाऊण भागाचा आहे. हात वाजवतो तेवढेच सूर पुन्हा त्यांच्या मधल्या फटींत येऊन पडतात आणि एकच गिटार दोघांनी वाजवल्यासारखी वाटते. इथे डिले हा आवाजावर चढवलेला रंग नाही. तो बंद केला तर वाक्यच अर्धं होतं. म्हणून जो माणूस पहिलं पेडल कोणतं घ्यावं असं विचारतो, त्याला मी डिले सांगेन. फझ आवाज बदलतं. डिले तुमचं वाजवणं बदलतो, कारण जागा सोडली नाही तर सगळा चिखल होतो.

बहुतेक जण मात्र फझपासून सुरुवात करतात आणि तिथेच निराश होतात. बिग मफमध्ये आवाज दोनदा कापला जातो आणि त्याच्या टोन खुंट्यामुळे मधल्या पट्ट्यातला आवाज खोल दबतो. एकट्याने खोलीत वाजवताना हे भव्य वाटतं, पण ढोल आणि बेस आले की गिटार त्यांच्याखाली गायब होते. गिलमोरच्या मागे शंभर वॉटचा हायवॉट अॅम्प असायचा. तो मोठ्या आवाजातही स्वच्छ राहतो, मधला भाग ठासून पुढे आणतो. बिग मफला हा अॅम्प गृहीत आहे. शेजारी झोपले असताना छोट्या अॅम्पवर तेच पेडल, तेच खुंटे, त्याच खुणांवर लावले तरी ते गृहीतक हजर नसतं. जुन्या फझ फेसमधले जर्मेनियम ट्रान्झिस्टर तर तापमानानेही बदलतात. पुण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी ते डिसेंबरच्या रात्रीसारखे वागणार नाहीत.

आणि 'कम्फर्टेबली नम'चा शेवटचा सोलो? हजारो लोक तो सुरासुराने उतरवून घेतात. पण तो त्या क्रमाने सलग वाजवलेलाच नाही. गिलमोरने पाच-सहा वेळा वेगवेगळं वाजवलं, कुठला तुकडा चांगला याच्या खुणा कागदावर केल्या आणि मिक्सिंग डेस्कवर एका फेडरवरून दुसऱ्यावर जात तो जोडला. आपण ज्याला उत्स्फूर्त आक्रोश म्हणून ऐकतो, त्यात एक थंड डोक्याचा संपादक बसलेला आहे. हे कळल्याने सोलो लहान होत नाही. उलट त्या आवाजातला जो भाग कुठल्याच पेडलमध्ये भरता येत नाही, तो नेमका दिसतो. तो भाग म्हणजे नाकारलेले तुकडे.

हल्ली एकाच डिजिटल पेटीत या सगळ्या यंत्रांच्या नकला मिळतात आणि त्या चांगल्या असतात. त्यांची तक्रार करण्यात अर्थ नाही. अडचण एवढीच की तिथे 'गिलमोर' नावाचं बटण तयार असतं. ते दाबलं की निवडीचं काम संपतं, आणि या वादकाकडून शिकण्यासारखं जे आहे ते निवडीतच आहे.

नक्कल वाईट नसते. नीट केली तर ती सर्वात कडक समीक्षा असते, कारण बारकाईने ऐकल्याशिवाय ती जमतच नाही. मात्र तिचं माप लहान हवं. अख्खा गिलमोर नको, एक गाणं घ्या. त्यातलं एक वाक्य घ्या. आधी कुठलंही पेडल न लावता ते वाजवा, तार त्याच उंचीपर्यंत ओढली जाते का आणि थांबा तेवढाच लांब पडतो का ते पाहा. त्यानंतरही जे कमी पडेल, तेवढ्यासाठीच दुकानात जा.