रुग्णवृत्तान्त : एका उपेक्षित गद्यप्रकाराचा विचार

वैद्यकाच्या नियतकालिकांत दुर्मिळ व्याधी आणि जन्मजात विकृती यांसंबंधी जे रुग्णवृत्तान्त प्रसिद्ध होतात, त्यांची दखल साहित्याच्या अभ्यासकाने घ्यावी काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे उत्तर सामान्यतः नकारार्थीच मिळेल. हे लेखन शास्त्रासाठी झालेले असते. त्यात रसनिष्पत्तीचा हेतू नसतो, आणि लेखकाने स्वतःला शक्य तितके बाजूला ठेवावे असा संकेत असतो. तथापि रुग्णवृत्तान्तात एक मनुष्य दुसऱ्या मनुष्याकडे पाहतो, जे पाहिले त्यातून काही निवडतो, आणि ते तिसऱ्यासाठी शब्दांत मांडतो. चरित्र आणि व्यक्तिचित्र यांची मूळ प्रक्रिया याहून वेगळी नाही. तेव्हा या लेखनाला गद्यप्रकार मानून त्याचे गुणदोष पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

या प्रकाराची घडण सर्वपरिचित आहे. प्रथम रोग्याची तक्रार, मग त्याचे व कुटुंबाचे पूर्ववृत्त, नंतर तपासणी, निदान, उपचार, परिणती आणि शेवटी चर्चा. सरकारी किंवा नगरपालिकेच्या रुग्णालयात रांगेत उभे राहून ज्याने 'केसपेपर' काढला आहे, त्याला या घडणीचे बीज ठाऊक असते. दुर्मिळ व्याधीच्या बाबतीत या घडणीवर एक वेगळा भार पडतो. नेहमीच्या रोगाचे वर्णन सदोष असले तरी पुढचा रोगी ते दुरुस्त करतो. दुर्मिळ रोगाचा पुढचा रोगी कदाचित पन्नास वर्षांनी, दुसऱ्या खंडात, दुसऱ्या वैद्याकडे येईल. तोवर पहिल्या लेखकाचे शब्द हाच पुरावा. म्हणून या लेखनाची पहिली कसोटी अशी सांगता येईल : लेखकाचे अनुमान चुकीचे ठरल्यावरही त्याचे निरीक्षण टिकून राहते काय?

या कसोटीवर जॉन लँगडन डाउन यांचा १८६६ सालचा निबंध पाहण्यासारखा आहे. इंग्लंडमधील अर्ल्सवुड येथील मतिमंदांच्या संस्थेत ते वैद्यकीय अधीक्षक होते. तेथील मुलांच्या चेहऱ्यांत त्यांना निरनिराळ्या मानववंशांचे साम्य दिसले, आणि त्या साम्यावरून त्यांनी वर्गीकरण मांडले. एका गटाला त्यांनी मंगोल वंशाचे नाव दिले. आईबापांचा क्षयरोग हे या अवस्थेचे बहुतांश कारण असावे, असेही त्यांचे मत होते. ही दोन्ही अनुमाने आज पूर्णपणे टाकाऊ ठरली आहेत. परंतु त्याच निबंधात ही अवस्था जन्मजात आहे, या मुलांत परस्परांशी भावंडांसारखे साम्य आहे, त्यांना नकला करण्याची हौस व विनोदाची जाण आहे, शिक्षणाने त्यांची वाचा सुधारते, अशा नोंदी आहेत. १९५९ साली जेरोम लेज्यून, मार्त गोतिये आणि रेमाँ त्युर्पाँ यांनी या अवस्थेच्या मुळाशी एकविसाव्या क्रमांकाचे एक जादा गुणसूत्र असल्याचे दाखविले, तेव्हा डाउन यांची उपपत्ती कोसळली. त्यांचे निरीक्षण मात्र जागच्या जागी राहिले.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. डाउन यांचा हेतू वंशद्वेषाचा नव्हता; उलट एका वंशातील आईबापांच्या पोटी दुसऱ्या वंशाच्या चेहऱ्याचे मूल येऊ शकते, यावरून सर्व मानवजात एकच आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. हेतू उदार असूनही नाव अनुदार ठरले, आणि ते जवळजवळ शंभर वर्षे टिकले. १९६१ साली काही आनुवंशिकीतज्ज्ञांनी 'लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून ते टाकून देण्याची मागणी केली. १९६५ साली मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही ते सोडले. रुग्णवृत्तान्तातील एक विशेषण लक्षावधी मुलांना जन्मभर चिकटू शकते. शब्दनिवडीची एवढी जबाबदारी क्वचितच एखाद्या कवीवर पडली असेल.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. लंडन हॉस्पिटलचे शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी १८८४ साली व्हाइटचॅपल रस्त्यावरील एका दुकानात प्रदर्शनासाठी ठेवलेला जोसेफ मेरिक हा तरुण पाहिला. लोक त्याला 'हत्ती-माणूस' म्हणत. ट्रीव्ह्ज यांनी त्याला लंडनच्या विकृतिशास्त्र-मंडळापुढे उभे केले, आणि १८८५ साली मंडळाच्या इतिवृत्तांत त्याचा वृत्तान्त छापला. पुढे १८८६ पासून १८९० मधील मृत्यूपर्यंत मेरिक त्याच रुग्णालयात राहिला. ट्रीव्ह्ज यांनी १९२३ साली, उतारवयात, आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील पहिलीच आठवण मेरिकची आहे. एकाच लेखकाने एकाच मनुष्याविषयी अडतीस वर्षांच्या अंतराने दोन भिन्न प्रकारांत लिहिले, ही समीक्षकाच्या दृष्टीने मोठीच सोय होय.

पहिला लेख कोरडा आहे. कोणते हाड वाढले आहे, त्वचेवरील वाढ कोठे आहे आणि कोणता अवयव सुटला आहे, एवढेच तो सांगतो. मेरिक काय बोलला, त्याला काय वाटले, हे त्यात नाही. तो तेथे नमुना म्हणूनच उभा आहे, हे मान्य केले पाहिजे. दुसरा लेख करुणेने ओथंबलेला आहे. त्यात मेरिकला वाचा आहे, अश्रू आहेत, स्वप्ने आहेत. सहजच आपण म्हणू की दुसरा लेख माणुसकीचा आणि पहिला निर्दय. पण जरा थांबून पाहावे. १९२३ च्या लेखात मेरिकचे नाव 'जॉन' आहे. हस्तलिखितात ट्रीव्ह्ज यांनी आधी 'जोसेफ' असे लिहून ते खोडल्याचे आढळते. आईने त्याला लहानपणी टाकून दिले, असे ते सांगतात; वस्तुतः त्याची आई १८७३ साली, तो दहा वर्षांचा असताना, वारली. खेळ दाखविणारा मनुष्य त्यात केवळ क्रूर असा रंगविला आहे. टॉम नॉर्मन या खेळवाल्याने पुढे आपली निराळी बाजू मांडली. कथेला निराधार पोर, निष्ठुर जग आणि दयाळू वैद्य एवढी पात्रे हवी होती. म्हणून आई व खेळवाला यांना त्या साच्यात बसविले गेले.

आणखी एक तपशील बोलका आहे. प्रदर्शनाच्या काळात मेरिकच्या नावाने एक छोटी आत्मकथनपर पत्रिका विकली जात असे. तीत डोक्याचा घेर छत्तीस इंच, उजव्या मनगटाचा बारा इंच अशी मापे दिलेली आहेत. ट्रीव्ह्ज यांच्या आठवणींत मात्र डोक्याचा घेर कमरेइतका असल्याची उपमा आहे. म्हणजे तमाशाच्या पत्रिकेत मोजमाप, आणि शल्यविशारदाच्या लेखणीत अलंकार! साहित्याकडे वळताना वैद्याने प्रथम मोजपट्टी खाली ठेवली, आणि तिच्याबरोबर त्या माणसाचे नावही हरवले.

त्याच पत्रिकेत विकृतीचे कारण असे दिले आहे की, गरोदरपणी आई एका हत्तीच्या पायांखाली ढकलली जाऊन भ्याली. हा समज आपल्याला परका नाही. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले तर मुलाचा ओठ फाटतो, हे आपल्या घरांतून आजही ऐकू येते. अपुऱ्या डोहाळ्यांमुळे अपत्य कुबडे किंवा पंगू होते, असे सुश्रुतसंहितेतही म्हटले आहे. चरकसंहितेने मात्र बीजाच्या ज्या भागाला दोष पोहोचतो, त्या भागापासून होणाऱ्या अवयवाला विकृती येते, असा विचार मांडला. पहिल्या समजात सारा दोष आईच्या वागण्यावर येतो. दुसऱ्या विचारात तो तिच्या वागण्यापासून सुटतो. कारणमीमांसा हा केवळ ज्ञानाचा प्रश्न नसून, कोणाच्या तरी माथ्यावरचे ओझे उतरविण्याचा किंवा चढविण्याचा प्रश्न आहे.

मेरिकच्या निदानाची कथा पहिल्या लेखाच्या बाजूने साक्ष देते. १९०९ साली पार्क्स वेबर यांनी ही मज्जातंतूंच्या गाठींची व्याधी असावी असे सुचविले, आणि ते मत दीर्घकाळ रूढ राहिले. १९८६ साली टिबल्स आणि कोहेन यांनी समकालीन वर्णनांचा व अवशेषांचा पुन्हा विचार करून, ही १९८३ साली नामकरण झालेली 'प्रोटियस' विकृती असल्याचे मत मांडले. २०११ साली त्या विकृतीचे जनुकीय कारण सापडले. शंभर वर्षांनंतरच्या वाचकाला निदान बदलता आले, ते जुन्या लेखकाने पाहिलेले नीट उतरवून ठेवले होते म्हणून. १९२३ च्या करुणेवर हे निदान उभे राहू शकले नसते.

तरीही कोरडेपणा हाच गुण, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. आर्चिबाल्ड गॅरॉड यांचा १९०२ सालचा आल्काप्टोन्यूरियावरील निबंध वाचला म्हणजे हे ध्यानी येते. या अवस्थेत लघवी हवेत राहिल्यावर काळी पडते. बाळाच्या दुपट्यावर पडलेले डाग हेच बहुधा पहिले चिन्ह. ज्या कुटुंबात हे आधी दिसले होते, त्यातील एक बाळ १९०१ साली जन्मले, तेव्हा त्याच्या दुपट्यांवर लक्ष ठेवण्यात आले आणि तीन दिवसांच्या आत डाग दिसले. त्यावरून हा जंतुसंसर्ग नसून जन्मतःचा रासायनिक फरक आहे, असे गॅरॉड यांनी प्रतिपादिले. तसेच या मुलांचे आईबाप अनेकदा परस्परांची सख्खी चुलत, मामे वा आते भावंडे असतात, हे त्यांनी लक्षात आणून दिले, आणि विल्यम बेटसन यांच्या साहाय्याने त्याचा संबंध मेंडेलच्या नियमांशी जोडला. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या समाजात रूढ आहे, त्याला या नोंदीचे महत्त्व समजावून सांगावयास नको. ज्या विकराच्या अभावाने हे घडते, तो अभाव १९५८ साली प्रत्यक्ष सिद्ध झाला. गॅरॉड यांची शैली शांत आहे, पण ती रोग्याला घरापासून तोडत नाही; आई, दाई, भावंडे, दुपटी हे सारे तिच्या पुराव्यात आहे. पूर्ववृत्त म्हणजे पाल्हाळ नव्हे, तो पुराव्याचाच भाग होय, हे या निबंधाचे मर्म आहे.

चौथे उदाहरण आपल्या घरचे. १९५२ साली वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया यांनी सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स या इंग्लंडमधील संशोधकांसह 'लॅन्सेट'मध्ये मुंबईतील तीन व्यक्तींच्या रक्ताचा वृत्तान्त दिला. 'ए' आणि 'बी' हे घटक ज्या 'एच' पायावर उभे राहतात, तो पायाच या रक्तात नसतो. नेहमीच्या चाचणीत ते 'ओ' गटाचे भासते; पण 'ओ' रक्त दिले तर प्राणावर बेतू शकते. पुढे हा 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर रूढ झाला. शहराचे अधिकृत नाव १९९५ साली बदलले तरी रक्तगटाचे बदलले नाही. या लेखाच्या शीर्षकात 'नवा' हा शब्द अवतरणचिन्हांत आहे. त्या चिन्हांत मला लेखकांचा संयम दिसतो : हे आम्हांस नवे आहे, त्या रक्तास नव्हे. शिवाय येथे रोग नाहीच; केवळ दुर्मिळता आहे. आणि शहराच्या नावाने कोणाचा वंश वा चेहरा उणावत नाही. डाउन यांच्या नामकरणाशेजारी हे ठेवून पाहिले म्हणजे नाव कसे द्यावे याचा एक धडा मिळतो.

या चार उदाहरणांवरून पहिल्या कसोटीला दुसरी जोडावीशी वाटते : ज्याच्याविषयी वृत्तान्त लिहिला, त्याला किंवा त्याच्या माणसांना तो वाचून दाखविता येईल काय? १८८५ चा लेख पहिल्या कसोटीस उतरतो, दुसऱ्या कसोटीस उतरत नाही. १९२३ चा लेख, वरवर पाहता, मेरिकला वाचून दाखविण्याजोगा वाटतो. परंतु आपले नाव आणि आपली आई त्यात पाहून तो काय म्हणाला असता? अलीकडे, २०१३ साली, रुग्णवृत्तान्तासाठी जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध झाली, त्यांत रोग्याची संमती आणि शक्य तेथे त्याचे स्वतःचे म्हणणे यांना स्थान आहे. ज्याचा रोग दुर्मिळ, त्याला नाव वगळूनही शेजारी ओळखू शकतात. त्याच्या बाबतीत या सूत्रांचे मोल अधिक.

आपल्याकडे या कसोटीला भाषेची अडचण येते. मराठी बोलणाऱ्या रोग्याचा वृत्तान्त इंग्रजीत लिहिला जातो. तो म्हणतो कळ येते, ठणका लागतो, चमक भरते, ठसठसते, हुळहुळते, मुंग्या येतात. वृत्तान्तात यांतील बहुतेकांचा एकच शब्द होतो. ज्या व्याधीचे पुरते वर्णन अजून कोणी केलेले नाही, तिच्या बाबतीत ठणका आणि चमक यांतील भेदच कदाचित पुढच्या वाचकाला हवा असेल. म्हाइंभटाने साक्षीदारांना विचारून लीळा गोळा केल्या. त्या परंपरेत स्थळ आणि पाठभेद यांची काळजी वाहिली गेली. ऐकलेले जसेच्या तसे जतन करण्याची ही शिस्त मराठी गद्याच्या आरंभीच आहे. ती वैद्यकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

म्हणून मराठीच्या अभ्यासकांनी या लेखनाकडे केवळ परिभाषेचे पर्याय सुचविण्यापुरते पाहू नये. रोग्याची तक्रार त्याच्या शब्दांत कशी टिपावी, निरीक्षण आणि अनुमान वाक्यरचनेतच वेगळे कसे ठेवावे, विशेषण कोठे थांबवावे, हे प्रश्न शैलीचे आहेत, आणि शैली हा आपला विषय आहे. आपण बहुधा असे गृहीत धरतो की साहित्याचा स्पर्श झाला की लेखन आपोआप माणसाच्या जवळ जाते. मेरिकचे खोडलेले नाव या गृहीताविरुद्ध साक्ष देते. माणसाचे नाव, त्याची आई आणि त्याचे शब्द बरोबर उतरविणे, ही करुणेची पहिली पायरी होय. ती ओलांडून लिहिलेली करुणा लेखकाच्या स्वतःविषयीच असते.