खटकणाऱ्या स्वरांतून शांती

इंग्लिश संगीतकार विल्यम बर्डच्या चार आवाजांच्या मिस्सामधलं ‘आग्नुस देई’ जेमतेम चारेक मिनिटांचं आहे. मिस्सा म्हणजे कॅथलिकांचा उपासनाविधी, आणि त्यासाठी रचलेलं संगीतही. देवाच्या कोकराला, म्हणजे ख्रिस्ताला, तीनदा आळवायचं: दोनदा दयेसाठी, तिसऱ्यांदा शांतीसाठी. शब्द शतकानुशतकांचे. ते बर्डने कोणत्या परिस्थितीत स्वरबद्ध केले, हे मात्र विसरून चालत नाही. १५९२-९३च्या सुमारास ही मिस्सा छापली गेली तेव्हा इंग्लंडमध्ये मिस्सा ऐकणाऱ्यालाही दंड आणि वर्षाची कैद होती. बर्ड पक्का कॅथलिक, आणि नोकरी प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथच्या राजगायनवृंदात! छापील प्रतींना मुखपृष्ठ नाही, मुद्रकाचं नाव नाही, साल नाही. पानांच्या माथ्यावर बर्डचं नाव मात्र आहे. ते त्याने लपवलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

सुरुवातीला वरचे दोनच आवाज आहेत. एकाने ओळ सुरू करायची, दुसऱ्याने तीच मागाहून उचलायची. दुसऱ्या आळवणीला तीन आवाज, तिसरीला चारही. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या एखाद्या श्रद्धावंताच्या वाड्यात, दारं लावून, मोजक्या माणसांनी गायचं हे संगीत. त्याला चारांपेक्षा जास्त आवाज परवडणारे नव्हते आणि, मला वाटतं, लागतही नव्हते.

खरी करामत शांतीच्या याचनेत आहे. तिथे एक आवाज आपला स्वर धरून ठेवतो, तेवढ्यात दुसरा सरकतो आणि दोन्ही स्वर एकमेकांना खटकतात. मग धरलेला स्वर एक पायरी खाली उतरतो, तेव्हा जुळतं. ही युक्ती त्या काळी सगळेच वापरत. पण बर्ड एक खटका मिटतो न मिटतो तोच दुसऱ्या आवाजात पुढचा उभा करतो, आणि असं कितीतरी वेळ चालू राहतं. शांती मागताना सुरांना शांतता मिळत नाही. गोड, सपाट शेवट करणं त्याला सहज जमलं असतं. पण धर्मासाठी माणसं फासावर जात असताना तसा शेवट खोटा ठरला असता. अगदी अखेरीस कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो. ही त्या काळची सर्रास रीत, तरी एवढ्या ताणानंतर तो शुद्ध गंधार कमावलेला वाटतो.

एकाच गायकामागे जायची सवय असलेल्या आपल्या कानाने पहिल्या खेपेला चारही आवाज पकडायला जाऊ नये. वरून दुसरा, ऑल्टोचा आवाज धरावा आणि तो कुठे अडतो, कुठे उतरतो एवढंच ऐकावं. ध्वनिमुद्रण निवडताना एका आवाजाला एकच गायक असलेलं घ्यावं. मोठ्या वृंदात स्वरांच्या कडा बोथट होतात, आणि इथे सगळं काही त्या कडांवरच आहे.