पटाशेजारची पट्टी

२८ जुलै २०२५ रोजी बातुमीत दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. त्या विजयावर मराठीत पुष्कळ लिहिले-बोलले गेले, पण डावाबद्दल फार थोडे. तिच्या नागपूरचे कौतुक झाले, एकही नॉर्म हाती नसताना थेट मिळालेल्या ग्रँडमास्टर किताबाचे झाले. खेळाकडे वळायची वेळ आली की मात्र एकच सूर लागला: इंजिनाच्या मते इथे हंपी चुकली, इंजिनाच्या मते तिथे दिव्याने जिंकायची संधी घालवली. प्रक्षेपणात पटाशेजारी इंजिनाचा कौल दाखवणारी जी काळी-पांढरी पट्टी दिसते, तिच्यात दिव्याच्या मोहऱ्यांचा भाग वाढला की वाहवा आणि घटला की हळहळ. माणूस आणि यंत्र यांची बुद्धिबळातली लढत १९९७ सालीच निकालात निघाली, असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. ती लढत पटावरून उठून प्रेक्षकांत येऊन बसली आहे. दोन खेळाडू एकमेकांशी खेळत असतात आणि आपण मात्र दोघांनाही स्टॉकफिश या इंजिनाशी खेळवत असतो.

या लढतीच्या इतिहासात मानाची जागाही चुकीच्या सामन्याला मिळाली. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकाने कास्पारोव्हला ३.५-२.५ असे हरवले, म्हणून तो सामना सर्वतोमुखी झाला. कला म्हणून त्यात पाहण्यासारखे फारसे नाही. निर्णायक सहावा डाव तर एकोणीस चालींत आटोपला. त्यात खरोखर विचार करण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे दुसऱ्या डावाचा शेवट. कास्पारोव्हने हार पत्करली तेव्हा पटावर बरोबरी शिल्लक होती, आणि हे त्याला डाव संपल्यावर इतरांकडून कळले. सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या यंत्राच्या नजरेतून एवढी फट सुटली असेल, हे त्याच्या मनात आलेच नाही. जगज्जेत्याने स्वतःच्या नजरेपेक्षा समोरच्याच्या हिशेबावर भरवसा ठेवला. आज पट्टीकडे पाहून मत बनवणारा प्रेक्षक रोज तेच करतो, फक्त त्याला हरल्याचे दुःख होत नाही.

मला त्याहून मोठा वाटतो तो ऑक्टोबर २००२ चा बहारीनमधला सामना. ४-४ असा सुटल्यामुळे तो लोकांच्या आठवणीतून गेला. ग्रँडमास्टर क्रामनिकने डीप फ्रिट्झ या प्रोग्रामविरुद्ध पहिल्या चार डावांत ३-१ अशी आघाडी घेतली, आणि ती कशी घेतली हे पाहण्याजोगे आहे. वजीर लवकर पटावरून उतरवायचे, मारामारीची जागाच शिल्लक ठेवायची नाही आणि जिथे दहा चाली मोजण्यापेक्षा तीस चालींनंतरचे चित्र मनात धरावे लागते अशा वाटेने यंत्राला न्यायचे, हा त्याचा बेत होता. ते निव्वळ बचावाचे खेळणे नव्हते. समोरच्याला काय दिसत नाही हे ओळखून उभी केलेली ती रचना होती. पाचव्या डावात तो घोडचूक करून हरला. सहाव्यात त्याने जे केले त्यावरून मी त्याला या सगळ्या पर्वाचा नायक मानतो: पुढे असतानाही त्याने काळ्या राजाजवळच्या प्याद्यावर घोडा दिला. म्हणजे यंत्राचा जिथे हात धरता येत नाही, त्या हल्ल्याच्याच मुलखात तो आपणहून शिरला. फ्रिट्झने बचाव शोधला, क्रामनिक हरला. पट्टीच्या भाषेत ती चूक, आणि विषय संपला. पण त्या घोड्यामागे एका खेळाडूचा स्वभाव होता, सुंदर डाव खेळण्याचा मोह होता. तो वाचता आला नाही तर टीकाकाराने डाव पाहूच नये. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला डीप ज्युनियरने कास्पारोव्हपुढे उंट फेकला आणि कास्पारोव्हने बरोबरी मान्य केली. त्या दोन-तीन वर्षांत दोन्ही बाजू एकमेकींकडून धाडस शिकत होत्या. २००५ साली हायड्रा या यंत्राने मायकेल अॅडम्सला ५.५-०.५ असे चिरडले, २००६ मध्ये बॉनला क्रामनिकला एका चालीतली मात दिसली नाही, आणि ते पर्व मिटले. त्यानंतर यंत्राने प्यादे किंवा घोडा कमी घेऊन माणसांशी खेळण्याचे जे सामने झाले, ते करमणूक आहेत.

आपल्याकडे हे समजायला अवघड जाऊ नये. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात मात झाली एवढ्याने भागत नसे, ती कशाने झाली यालाही मोल होते; प्याद्याने दिलेली मात मानाची मानत. याचा अर्थ निकालापलीकडे पाहणारी नजर या मातीत होती. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने स्पर्धांमागून स्पर्धा भरवून पिढ्या घडवल्या, त्या काळी डाव संपल्यावर दोघे पुन्हा पट मांडून बसत आणि ‘तू तेव्हा काय पाहिलेस?’ असे विचारत. हा प्रश्नच आता कोणी विचारत नाही, कारण उत्तर आधीच पडद्यावर आलेले असते.

मी यंत्राच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी उंटाचे बलिदान करून नाकामुराला हरवले आणि त्याची ४७ डावांची अपराजित मालिका मोडली. अशी खेळी आज इंजिनाला सोबत घेतल्याशिवाय तयार होत नाही, हे उघड आहे. पण इंजिन अनेक चाली खेळण्याजोग्या म्हणून दाखवते. त्यातली कोणती या प्रतिस्पर्ध्याला, या स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत, घड्याळ चालू असताना सगळ्यात जड जाईल, ही निवड विदितची होती. माणूस-यंत्र सामन्यांचा खरा वारसा मला इथे दिसतो. अल्फाझीरो या प्रोग्रामने डिसेंबर २०१७ मध्ये स्टॉकफिशविरुद्ध शंभरपैकी २८ डाव जिंकले आणि एकही गमावला नाही, तेव्हा त्याच्या कडेच्या प्याद्यांच्या धावेने सारे थक्क झाले. पण त्या धावेला अर्थ आला तो ग्रँडमास्टरांनी ती आपल्या डावांत आणल्यावर.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. स्टॉकफिश फुकट आहे. विरारच्या लोकलमध्ये मोबाइलवर डाव तपासणाऱ्या मुलीकडे आज जे इंजिन आहे तेच कार्लसनकडेही आहे. पूर्वी रशियन पुस्तके मिळवणे आणि मुंबई-पुण्यातला जाणता शिक्षक गाठणे ज्यांना जमे तेच पुढे जात. वसई-विरारकडच्या पोराला ते सहज साधणारे नव्हते. ही समता मोठी आहे आणि तिच्यावर पाणी सोडायला मी सांगणार नाही. पण त्या मुलीला पट्टी एवढेच सांगते की तिची चाल वाईट होती. त्या क्षणी चांगली चाल शोधणे किती कठीण होते, ती कोणत्या विचाराने चुकली, समोरच्याने तिला कसे फसवले, यातले काहीही पट्टी सांगत नाही. हे सांगणे समालोचकाचे, शिक्षकाचे आणि वर्तमानपत्राचे काम आहे, आणि तिघांनीही ते सोडून दिले आहे. वेगवान डावात तर हा अन्याय दुप्पट होतो. १९९८ साली आनंद रिबेल या प्रोग्रामशी खेळला तेव्हा दीर्घ वेळेचे दोन डाव त्याने १.५-०.५ असे जिंकले आणि ब्लिट्झचे चार १-३ असे गमावले. तोच माणूस, तेच यंत्र, फरक घड्याळाचा. तरीही रॅपिड टायब्रेकला आपण इंजिनाचीच फूटपट्टी लावतो.

म्हणून विश्वचषकाच्या उपांत्य फेरीतला दिव्या आणि तान झोंगयी यांचा डाव पुन्हा पाहावा, पट्टी झाकून. १०१ चालींचा डाव. माजी जगज्जेतीसमोर कित्येक तास बसलेली एकोणीस वर्षांची मुलगी चुकते, पुन्हा पकडते, पुन्हा प्रश्न टाकते, आणि अखेर उत्तर शोधून थकते ती तान. इंजिनाच्या हिशेबात तिथे दोघींच्या चुका भरपूर सापडतील. हंपीविरुद्धच्या शेवटच्या रॅपिड डावातही सापडतील. तिथे हंपीकडे वेळ उरला नव्हता आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी दिव्या दाब सोडत नव्हती. तो दाब चालीगणिक कसा वाढत गेला, हे मराठीत अजून कोणीतरी नीट लिहायचे आहे.