'टिकवणे' या क्रियापदाचा कर्ता

कारखान्यांच्या व्यवस्थापनाविषयीच्या मराठी लेखनात 'कामगार टिकवणे' हा प्रयोग आढळतो. व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष होय. आक्षेप अर्थाविषयी आहे. 'टिकणे' याच्या या प्रयोजक रूपात व्यवस्थापक कर्ता होतो, कामगार कर्म. टिकवतात ते लोणचे. आपण होऊन राहणारा वा निघून जाणारा माणूस त्या वाक्यात उरतच नाही.

प्रत्यक्षात तो कर्ता असतोच. 1989 साली पिंपरीच्या टेल्को कारखान्यात व्यवस्थापनाने एका संघटनेशी वेतनकरार केला. तरीही राजन नायर यांच्या संघटनेचे कामगार सप्टेंबरात शनिवारवाड्यापाशी उपोषणास बसले. आपल्या वतीने कोणी बोलावे, हा प्रश्न वेतनवाढीने मिटणारा नव्हता.

पुढे चाकणच्या पट्ट्यात 2013 च्या 'नीम' योजनेतील तरुण आले. यंत्रावर उभे राहूनही नियमाने ते 'प्रशिक्षणार्थी', आणि त्यांचा मोबदला म्हणजे 'विद्यावेतन'. येथे तर कामगार हे नावही गेले. मुदत संपताच जाणे ज्या नावात गृहीतच धरले आहे, ते धारण करणारा मुलगा टिकत नाही, ही तक्रार मग विचित्र वाटते.