नक्षत्रांच्या म्हणी आणि त्यांचे वाचन

पावसाच्या नक्षत्रांवरील म्हणींविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात दोन मते रूढ आहेत. त्या भोळ्या समजुती होत, हे एक. त्यांत पूर्वजांचे हवामानशास्त्र साठविलेले आहे, हे दुसरे. आमच्या मते दोन्ही पक्षांनी या म्हणींचे व्याकरणच नीट पाहिलेले नाही.

‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिकमोती’ ही म्हण घ्या. पाऊस पडेलच, असे तीत कोठेही म्हटलेले नाही. ‘तर’ या एका अव्ययाने सारे विधान सशर्त केले आहे. पाऊस पडला तर पिकाला त्याचे मोल काय, एवढेच ती सांगते. नक्षत्राचे वाहन बेडूक की कोल्हा हे पाहून पर्जन्यमान सांगणारे पंचांग भाकीत करते. म्हण हिशेब मांडते. हा भेद विसरून तिला खरी-खोटी ठरविणे व्यर्थ होय.

दुसरा प्रश्न पाठभेदांचा. ‘भात खाईना कुत्रा’ हा उत्तरार्ध कोठे उत्तरा नक्षत्राला जोडलेला आढळतो, कोठे चित्रा नक्षत्राला. सूर्य उत्तरा नक्षत्रात १३ सप्टेंबरच्या सुमारास आणि चित्रा नक्षत्रात १० ऑक्टोबरच्या सुमारास प्रवेश करतो. म्हणजे अंतर जवळजवळ चार आठवड्यांचे. यमकासाठी केलेली ही ओढाताण आहे, असा आक्षेप सहज सुचतो आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु हळवे भात लवकर निसवते, गरवे उशिरा. दाणा भरताना पाणी दोघांनाही हवे. वेळ मात्र ज्याची त्याची. तेव्हा दोन्ही पाठ शुद्ध असू शकतात; भात तेवढे निराळे.

बेळगाव जिल्ह्यातील ऑक्टोबरचा दुसरा आठवडा याची साक्ष देतो. सकाळी दव, दुपारी उकाडा, सायंकाळी ढग दाटून विजांसह एखादी जोरदार सर, हा परतीच्या पावसाचा परिचित क्रम. हस्त सरून चित्रा लागलेली असते. खानापूरकडील गरव्या भाताला ही सर हवी असते. हळवे भात कापून पसरलेल्या शेजारच्या शेताला तीच घातक ठरते. पुढे स्वातींत भातकरी पाऊस नको म्हणतो, तर उत्तरेकडे अथणीच्या काळ्या रानात शाळू पेरलेल्याला त्याच पावसाचे मोती दिसतात. जिल्हा एक, आकाश एक. पण म्हणीचा अर्थ बोलणाऱ्याच्या शेतावरून ठरतो.

अयनचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. सातशे वर्षांत सुमारे दहा दिवस. त्यामुळे आज शेताला चपखल बसणारी म्हण त्याच शब्दांत फार प्राचीन असणे कठीण. लोकांनी ती वेळोवेळी पारखून बदलली असली पाहिजे. परंपरा म्हणजे न हलणारा दगड नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींस आमची विनंती एवढीच की, विद्यार्थ्यांकडून म्हण उतरवून घेताना तिच्याखाली गाव, जमीन आणि पीक यांची नोंद अवश्य करवावी. हळवे, गरवे हे शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे शेत उभे राहणारी माणसे आहेत, तोवरच हे काम होणार आहे. त्यांच्यामागे म्हणीचे केवळ यमक उरेल.